सात बुचं

गाडीच्या कंपनीचे पत्र चार परिच्छेदांचे होते आणि त्यात 'गंज' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. ताईंनी ते तीनदा वाचले. तिसऱ्यांदा लाल पेन हातात घेऊन. तंत्रनिकेतनात चौतीस वर्षे धातुशास्त्र शिकवल्यावर एवढे कळते की, उत्तर येत नसले की विद्यार्थी वाक्ये लांबवतो. इथे मात्र उत्तर येत असूनही ते लपवण्यासाठी कुणीतरी पगारी माणूस बसवला होता. 'आपल्या जुन्या वाहनाच्या सांगाड्यावर हवामानजन्य पृष्ठीय बदल आढळू शकतात,' असे तो माणूस लिहीत होता. मूळव्याधीला बसण्यासंबंधीची किरकोळ गैरसोय म्हणावे, तसे. असे बदल 'नियमित देखभालीच्या अभावी' होतात, हे शेवटच्या ओळीत होते.

त्या ओळीखाली लाल रेघ इतक्या जोरात उमटली की कागद फाटला. पत्र ताईंच्या नावाचे नव्हते. ते त्यांच्या धाकट्या भावाला आले होते. आणि बाळ्यावर देखभालीच्या अभावाचा आरोप म्हणजे अतिच होते. बाळ्या आता त्रेसष्ट वर्षांचा, बंदराच्या धक्क्यावरून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेला. ती उंच, चौकोनी, जीपच्या जातीची गाडी एकोणीस वर्षे त्याने तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. दरवर्षी तो स्वतः तिच्याखाली पाठीवर झोपून सांगाड्याला काळ्या डांबरी रंगाचा जाड थर देत असे. त्याचे स्वतःचे दोन दात मात्र दुखून दुखून पडले, तरी तो डॉक्टरांकडे गेला नव्हता.

"उद्या सकाळी गाडी मिस्त्रीकडे न्यायची," ताई म्हणाल्या. "वर चढवून, खालून फोटो काढून घ्यायचे. देखभालीचा अभाव म्हणतात! फोटो जोडून असं उत्तर लिहिते की लिहिणाऱ्याला पगार परत करावासा वाटेल."

"ने की," बाळ्या बशीत चहा ओतत म्हणाला. "नाहीतरी रविवारी घाट चढायचाय. एकदा बघून घेतलेलं बरं."

रविवारी तो आपल्या लेकीला आणि तिच्या आठ महिन्यांच्या जुळ्यांना आणायला निघणार होता. घाटाचे साडेतीन तास जायला, तेवढेच यायला.

गॅरेज पत्र्याचे, उंच छताचे होते. मिस्त्री चाळिशीचा, मितभाषी, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने गाडी लिफ्टवर घेतली. ती डोक्याच्या वर गेली तशी बाळ्याने मान वर करून, नवरदेवाच्या बापाने मांडव बघावा तशी ती बघितली. खालून सांगाडा काळाभोर, गुळगुळीत, एखाद्या जागी ओघळ सुकलेला.

"बघा," बाळ्या म्हणाला. "कुठं डाग आहे?"

"रंगाला डाग नाही काका," मिस्त्री म्हणाला आणि त्याने छोटी हातोडी घेतली.

तो पुढून मागे ठोकत गेला. ठण्, ठण्, ठण्. मागच्या चाकांच्या थोडे अलीकडे, जिथे अर्ध्या गाडीचा भार सांगाड्यावर उतरतो, तिथे आवाज बदलला. थप्. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. मिस्त्री थांबला, वाकला आणि रंगाच्या थराखाली लपलेले काहीतरी नखाने खरवडू लागला. रबराचे एक गोल बूच होते. कडेने सिमेंटसारखा मसाला लावून पक्के केलेले. त्याने पकडीने ते ओढले.

आतून पाणी आले. थेंब नव्हे, धार. तांबूस, गढूळ, आणि मागोमाग पोह्यांसारखे लोखंडाचे पापुद्रे. फरशीवर त्याचा चिखल झाला आणि समुद्राचा खारट वास सुटला.

"अरे बापरे," मिस्त्री पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "ही भोकं पाणी निघून जायला ठेवलेली असतात. धक्क्यावरचं खारं पाणी वरच्या फटींतून आत जाणारच, ते खालून गळून जावं म्हणून. ही बुजवली कुणी?" त्याने बोटाने मोजले. "सात बुचं! एकही सोडलं नाही. कोण हा विद्वान?"

"मीच," बाळ्या चटकन म्हणाला. "माझीच अक्कल. तेव्हा वाटलं, भोक दिसतंय, बुजवून टाकू."

तो ताईंकडे न बघता बोलला, आणि नेमके त्यामुळेच ताईंना सगळे आठवले.

एकोणीस वर्षांपूर्वी गाडी नवी आली, त्या दिवशी तो तिच्याखाली झोपून ओरडला होता, 'ताई, या सांगाड्याला एवढी भोकं कशाला गं?' आणि ताई पायरीवर उत्तरपत्रिका तपासत, वर न बघता म्हणाल्या होत्या, 'लोखंडाला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेव. भोक दिसेल तिथं बुजव.' गंज अणूंच्या पातळीवर कसा सुरू होतो हे त्या झोपेतही सांगू शकत होत्या. भोके सांगाड्याच्या खालच्याच अंगाला का आहेत, हे वाकून बघण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. आणि आज त्या इथे दुसऱ्यांवर खटला भरायला आल्या होत्या! कंपनीने पोकळ सांगाड्याच्या आत रंग न देता लोखंड उघडे ठेवले होते, हे खरेच होते. पण आत पाणी कोंडून ठेवायला कंपनी आली नव्हती.

मिस्त्रीने हात पुसले. "वेल्डिंग करून पट्टी मारून देणारे भेटतील काका. मी नाही देणार. पट्टीला धरायला खाली धातूच उरलेला नाही. ही आता रस्त्यावर न्यायची नाही." दुसऱ्या गाडीचे गिऱ्हाईक हाका मारत होते, तो तिकडे गेला.

बाळ्याने आवाज खाली आणला. "गॅरेजवाले असंच बोलतात. ताई, तू सांग. एकच फेरी. हळू चालवीन. पोरीला शब्द दिलाय. तू हो म्हणालीस तर जातो, नाही म्हणालीस तर विषय संपला."

हेच अवघड होते. बाळ्या जगात कुणाचेही ऐकत नसे. बायकोचे नाही, डॉक्टरांचे नाही, हवामानखात्याचे तर मुळीच नाही. तो ताईंचे ऐके, कारण लहानपणापासून त्याच्या हिशेबी ताई कधी चुकल्याच नव्हत्या. आता एक 'नाही' म्हटले की काम झाले असते. बुचांचा आळ त्याने आधीच आपल्या डोक्यावर घेऊन टाकला होता. ताईंनी फक्त गप्प राहायचे होते. आणि खरे बोलल्या तर जो शब्द त्याला अडवू शकत होता, तोच मोडीत निघणार होता. गाडीत दोन तान्ही पोरे असणार होती. सत्याची एवढी घाई कशाला, असा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडला, आणि तो पडला याचाच त्यांना राग आला.

"ती बुचं मी बसवायला सांगितली होती," त्या म्हणाल्या. "चुकीचं सांगितलं. न बघता सांगितलं. तुझी गाडी मी सडवली, बाळ्या."

"माहीत आहे," बाळ्या म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अकरा वर्षांपूर्वी आधीचा गॅरेजवाला म्हणाला होता, बुचं काढा म्हणून. मी म्हटलं, तू शिकलेला किती, माझी बहीण शिकलेली किती. त्याच्याकडे जायचंच बंद केलं."

ताईंच्या ज्ञानाचा एवढा भीषण सन्मान आजवर कुणी केला नव्हता. "गाढवा," त्या म्हणाल्या, "मला विचारायचं तरी!"

"तुला वाईट वाटलं असतं." मग त्याच्या डोळ्यांत ओळखीची चमक आली, पत्त्यांत लबाडी करताना पन्नास वर्षांपूर्वी यायची, तीच. "पण म्हणजे तू चुकू शकतेस. मग आजही चुकत असशील. चालेल ती रविवारी."

भीती होती तेच झाले. ताईंनी बाकावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मूठ त्याच्याकडे करून पुढे धरला.

"माझं ऐकू नकोस. कुणाचंच ऐकू नकोस. जिथं थप् वाजलं तिथं हा टेकव आणि दाब. स्वतःच्या हातानं."

"रंग खराब होईल."

"होऊ दे."

त्याने आधी अंगठ्याने रंगावरून हात फिरवला, मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग टोक टेकवले आणि दाबले. जोर लावावाच लागला नाही. काळ्या रंगाची साल फुटली आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, एखाद्या पिकल्या फळात जावा तसा. एकोणीस वर्षे जे लोखंड म्हणून त्याने रंगवले, तो रंगाचाच साचा होता. त्याच्या बाहीवर तांबडी भुकटी सांडत राहिली. तो तसाच उभा राहिला, हात वर, मूठ सोडवत नव्हती.

ताईंनी त्याच्या कोपराला धरून हात हळूच खाली आणला.

"चाळीसच्या वेगात वळणावर हे सुटलं असतं ना?" त्याने विचारले.

"वीसच्यासुद्धा."

तो बाहीवरची भुकटी झटकत बाजूला झाला. मग मिस्त्रीला हाक मारून म्हणाला, "हिला खाली घ्या, पण चालू करू नका. भंगारवाल्याला सांगा, ओढून न्यायची." चावी त्याने स्वतःच दिली, दोन वेळा परत घेतल्यासारखी केली, पण दिली. नंतर खिशातून फोन काढून लेकीला लावला.

"रविवारी बसनं येतोय. हो, बसनं. गाडी गेली... नाही गं, आत्या म्हणाली म्हणून नाही. मी स्वतः बघितलं, हात घालून." पलीकडून बरेच काही आले. त्याने तिरक्या नजरेने ताईंकडे पाहिले. "आहे, इथेच आहे. येईल तीही, बसमध्ये दोघांतल्या एकाला कोण धरणार मग? देतो फोन. पण जरा जपून बोल हं तिच्याशी. आज चुकलीय. तिला सवय नाही."