तेरच्या गाडीतला टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. नाक मुरडू नका, आंघोळीचा नव्हे, खांद्यावरचा. सोलापूरच्या मागावर विणलेला, लाल काठाचा. काठ आता विटलाय, पण अंगात दम आहे.

तेरच्या धोंडीबानं मला तुळजापूरच्या बाजारात घेतलं. दुकानदारानं दहा दाखवले, धोंडीबानं मलाच उचललं. तेव्हापासून मला थोडी घमेंड आहे, ती मी लपवत नाही. एकदा माझा कोपरा चुलीत पोळला, तर त्यानं घरात कुणाला न सांगता हिरव्या दोऱ्यानं स्वतःच शिवला. शिलाई वाकडीतिकडी आली, पण आजवर उसवली नाही.

घाम पुसणं, डोक्याला गुंडाळणं, पेरू बांधणं ही माझी किरकोळ कामं. खरं काम सकाळी असायचं. तेरच्या स्टँडवर धाराशिवची गाडी लागली की धोंडीबा तिसऱ्या खिडकीतून मला आत फेकायचा. मी सीटवर पडलो की जागा धरली. गाडीत पाय ठेवायला जागा नसो, लोक दांड्याला लोंबकळत जातील, पण माझ्यावर कुणी बसायचं नाही. फार तर विचारायचे, ‘कुणी येतंय का?’ माणसं एरवी बांधावरून भांडतात, पण टॉवेलाचा शब्द मोडत नाहीत. याचं मला नेहमी नवल वाटतं.

मागच्या दिवाळीत धोंडीबा गेला. मी दाराआडच्या खुंटीवर आलो. त्याचा मुलगा योगीराज अधूनमधून माझ्यानं मोटारसायकल पुसायचा. त्या दिवसांबद्दल मला बोलायचं नाही.

धोंडीबाची नात निकिता धाराशिवला कॉलेजात सिनेमाचा कोर्स करते. गौरीशंकर सरांनी सगळ्यांना एक काम दिलं होतं. थरारपटाची सुरुवात करायची, फक्त दोन मिनिटांची. ज्याची सर्वांत चांगली, त्याला कॉलेजचा कॅमेरा आणि पूर्ण सिनेमा करायची संधी. इकडे योगीराजनं बजावलं होतं, “औंदा काय झालं न्हाय तर ही खुळं सोड, बँकेच्या परीक्षेचं बघ.”

निकिता आणि तिची मैत्रीण आफरीन ओसरीवर वही घेऊन बसायच्या. मी खुंटीवरून सगळं ऐकायचो. पहिली कल्पना होती अनोळखी फोनची, दुसरी उसातून पळणाऱ्या मुलीची. तिसरीत मुखवटा घातलेला माणूस आणि धुकं होतं. तेरला एवढं धुकं आणणार कुठून, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. सरांनी तिन्ही परत पाठवल्या. वहीत त्यांनी लिहिलं होतं, “भीती बाहेरून आणू नका. रोजचं दाखवा आणि त्यात एकच गोष्ट चुकवा.”

दोन दिवस वहीत नवी कल्पना उतरली नाही. निकितानं मात्र वही मिटली नाही. रोजच्या गोष्टींची यादी करत बसली, पाण्याची मोटर, दूध, गाडी, गाडीतली गर्दी.

आफरीन म्हणाली, “गाडीत टावेल टाकलाय, आन् माणूसच आला न्हाय तर?”

निकितानं वर पाहिलं. थेट माझ्याकडे. कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे कुणी असं पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला तिसऱ्या खिडकीतून आत फेकलं. तिच्या हाताला सराव नव्हता, पण मी नीट पडलो. मग ती मागच्या दारानं चढून गर्दीत उभी राहिली. आफरीननं पुढून मोबाइल धरला. दुपारी बारापर्यंत चित्रण सरांकडे द्यायचं होतं, त्यामुळे दुसरी गाडी मिळणार नव्हती. निकिताला कोणताही टॉवेल चालला असता. हा आजोबांचा आहे, गाडीत कुणीतरी ओळखेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मला कळत होतं, पण टॉवेलाला विचारतो कोण?

गाडी भरली. पिशवीवाल्या एका माणसानं विचारलं, “कुणी येतंय का?” उत्तर आलं नाही. तो उभाच राहिला. गाडी हलली तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली.

“ओ ताई, मानूस खालीच राहिला बगा,” कुणीतरी कंडक्टरला म्हणालं.

कंडक्टर मैमुनानं घंटी मारली. गाडी थांबली. लोक खिडक्यांतून मागे बघू लागले. रस्ता मोकळा होता.

तेवढ्यात भाजीची पाटी घेऊन दगडाबाई गर्दीतून पुढे आली. तिनं मला उचललं, कोपरा उलटवला आणि हिरव्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

“ह्यो तर धोंडीबाचा हाय.”

धोंडीबा गेल्याचं तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. पिशवीवाला एक पाऊल मागे सरकला. आफरीनचा हात मात्र हलला नाही.

निकिताचा चेहरा उतरला. ती पुढे आली. “दगडाआजी, म्याच टाकला. सिनेमासाठी.”

“आन् तुझ्यापायी म्या गाडी थांबवली?” मैमुना म्हणाली. “विचारायचं तरी आदी.”

“चुकलं ताई. तुमी सगळे म्हनाल तर मोबाइलातलं आत्ता पुसून टाकते.”

आफरीननं डोळे मिटले. पुसलं असतं तर सगळंच संपलं होतं.

दगडाबाई त्या सीटवर बसली आणि मला मांडीवर घेतलं. “धा वर्सं त्यो जागा धरायचा, मला बसवायचा आन् सोता धाराशिवपतुर उभा जायचा. तुला ठावं न्हाय व्हय?”

निकितानं मान हलवली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

“पुसू नगं. पर त्याचं नाव टाक.”

मैमुनानं सगळ्यांकडे पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. तिनं दोनदा घंटी मारली.

सरांनी ती दोन मिनिटं तीनदा पाहिली. शेवटी पडद्यावर नावांची पाटी येते. दिग्दर्शन निकिता, छायाचित्रण आफरीन आणि खाली, जागा धरणारे धोंडीबा.

“पुढं काय होतं?” सरांनी विचारलं.

“ते लिहायचंय सर,” निकिता म्हणाली. “कॅमेरा द्या.”

कॅमेरा मिळाला. योगीराजनं बँकेच्या परीक्षेचा विषय पुन्हा काढला नाही. मोटारसायकलीसाठी त्यानं जुनी बनियन शोधली.

मी आता म्हातारा झालोय, मधून विरलोय. पण खुंटीवर नाही. रोज सकाळी निकिता मला तिसऱ्या खिडकीतून टाकते. दगडाबाई बसते आणि निकिता वही धरून धाराशिवपर्यंत उभी जाते. तुम्ही कधी तेरच्या गाडीत चढलात तर मला बाजूला सारू नका. एकदा विचारा, कुणी येतंय का? येतंय हो, जरा थांबा.