माझ्यावरची चुकीची ओळ

मित्रांनो, समुद्राकडे पाठ करून उभा असलेला मी एक जुना माहितीफलक आहे. कड्याच्या कडेकडेने जी लाकडी पायवाट जाते ना, तिच्या तिसऱ्या वळणावर माझा मुक्काम. खाली खडकांत एक बुडालेले जहाज अडकून पडले आहे. त्याची हकिकत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणे हे माझे काम. गंमत अशी, की ते जहाज मी स्वतः कधीच पाहिलेले नाही. वाचणारे समोर आणि जहाज पाठीशी, अशी माझी उभे राहण्याची तऱ्हा.

सुताराने मला जाड फळ्यांतून घडवले, रंगाऱ्याने सुबक अक्षरे काढली. सुरुवातीला माझा थाट काही औरच होता. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. पुढे खाऱ्या वाऱ्याने रंगाचे पोपडे निघाले, कुणी माझ्या कोपऱ्यात आपले नाव कोरले. ते मी फारसे मनावर घेतले नाही.

मनाला लागले ते वेगळेच. माझ्यावर एक ओळ होती : ‘नांगर सांभाळणारा खलाशी झोपून राहिला, म्हणून जहाज खडकावर आदळले.’ शिवणकाम करणाऱ्या एक वयस्कर बाई अधूनमधून येत, ती ओळ वाचत आणि तशाच माघारी जात. एकदा त्या पायवाटेच्या रखवालदारकाकांना म्हणाल्या, “तो खलाशी म्हणजे माझे बाबा. याच जहाजाबरोबर बुडाले ते. कामात झोपणारा माणूस नव्हता हो तो.”

“अहो ताई, लिहिलंय ते काय उगाच लिहिलंय का?”

माझ्या शब्दावर काकांचा केवढा विश्वास! आणि मी तर ऐकीव गोष्ट बावीस वर्षे छातीठोकपणे सांगत आलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाईंनी हट्ट सोडला नाही. वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोटीच्या दिवशी त्यांनी काकांना माझ्यामागच्या कठड्याशी ओढतच नेले. पाणी म्हणे कधी नव्हे इतके मागे हटले होते.

“तिकडे, जहाजापासून लांब बघा. नांगरच आहे ना तो?”

काकांनी गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. मग म्हणाले, “खडकात घट्ट रुतलाय. साखळी तुटलीये त्याची. म्हणजे नांगर टाकला होता की त्यांनी. ताई, चुकलं आमचं.”

त्यानंतर काकांनी कार्यालयात खेटे घातले. जाणकार माणसे खाली उतरून सगळे पाहून आली. महिन्याभराने रंगारी आला आणि त्याने ती ओळ खरवडून काढली. दुखले खरे, पण किडलेला दात निघाल्यावर वाटते तसे हायसे वाटले. आता तिथे लिहिले आहे : ‘खलाशाने वेळेवर नांगर टाकला होता, वादळात साखळी तुटली.’

पुढच्या खेपेला बाई आल्या. अक्षरांवरून बोट फिरवत त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. “बाबा, आता नीट लिहिलंय हं,” असे हळूच म्हणाल्या आणि रुमालाने मला स्वच्छ पुसले. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. माझ्या तोंडचे खोटे त्यांनी काढून घेतले.

मित्रांनो, आम्हा फलकांना पुसत जा, रंगवत जा. पण आमची खरी काळजी घ्यायची असेल, तर आमच्यावर लिहिलेले एकदा ताडून पाहा. आम्हाला आमचे शब्द स्वतःहून मागे घेता येत नाहीत.