पाठीवरचं वाक्य

धाकटीचं डोकं तापलं की ते शर्टावर उतरायचं. मामाचा टी-शर्ट छापायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, घरामागची एक लांबट खोली, छपाईच्या चार फ्रेमा आणि रंगाने माखलेलं टेबल. शाळा सोडल्यापासून ती तिथेच पडीक. शेजाऱ्याने दारात गाडी आडवी लावली, छाप शर्ट. दूधवाल्याने दुधात पाणी घातलं, छाप शर्ट. तोंडाने भांडण्यापेक्षा पाठीने भांडलेलं बरं, असं तिचं म्हणणं. समोरचा उत्तर शोधेपर्यंत आपण कोपऱ्यावरून वळलेलो असतो.

मागच्या महिन्यात विमान कंपनीने मामाला दिवसभर ताटकळत ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, आज विमान नाही, घरी जा. मामा गरीब गाय, आला घरी. धाकटीच्या मात्र ते डोक्यात गेलं. आता छपाईचं नवीन मशीन बघायला पुन्हा त्याच कंपनीच्या विमानाने जायचं होतं. पहाटे उठून तिने पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर लालभडक, वीतभर अक्षरांत छापलं: ‘ह्या विमानाचं काही खरं नाही.’ आणि मामाला दिसू नये म्हणून वरून जॅकेट चढवलं.

तिची ताई त्याच कंपनीत एअर होस्टेस म्हणून नवीनच लागली होती, हे खरं. पण कंपनी वेगळी आणि ताई वेगळी, असा धाकटीचा हिशेब. आणि ताई आज दुसऱ्याच विमानावर होती.

कसलं दुसरं विमान! विमानाच्या दारात हात जोडून ताईच उभी. आयत्या वेळी ड्यूटी बदललेली. शेजारी चष्म्यातून सगळीकडे बघणाऱ्या एक मॅडम. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आज ताईची परीक्षा. ह्या मॅडमनी पास केलं तर नोकरी पक्की, नाहीतर परत मामाच्या टेबलाशी.

“ताई!” मामाच्या तोंडून निघालंच.

“या काका, डावीकडून पुढे,” ताई परक्यासारखी म्हणाली आणि डोळ्यांनी दटावलं. परीक्षेच्या दिवशी घरची वरात नको होती तिला.

धाकटीला एवढा आनंद झाला की अंगात काय घातलंय ते ती साफ विसरली. आत उकडत होतं. तिने जॅकेट काढलं, बॅग वर कोंबली आणि मस्त मागे रेलून बसली.

पण बॅग ठेवताना मागच्या रांगेतल्या एका टकल्या काकांनी पाठ वाचली होती.

“अहो, इकडे या!” काका उभेच राहिले. “ही मुलगी काय लिहून आलीय बघा! हिला काहीतरी माहिती आहे. हिला उतरवा, नाहीतर मला उतरवा!”

झालं. चार डोकी वर आली. कुणी म्हणालं, काय लिहिलंय? कुणी न वाचताच म्हणालं, धमकी आहे. तिसऱ्या रांगेपर्यंत बातमी पोचेस्तोवर मुलीच्या बॅगेत काय काय निघालं होतं.

ताई आली, मागोमाग मॅडम. धाकटीने ताईकडे अशी नजर टाकली, की ह्या बाईला मी जन्मात बघितलं नाही.

“मॅडम, हा शर्ट उलटा घालावा लागेल,” ताई धाकटीलाच म्हणाली. आवाज अगदी शिकवल्यासारखा.

“का? तक्रार आहे माझी. तुमच्या कंपनीने आमच्या म्हाताऱ्याला दिवसभर बसवून ठेवलं, ते चाललं?”

“म्हातारा कोण गं?” मामा पुटपुटला.

“तक्रार खाली करा,” मॅडम मध्ये पडल्या. “पाटी लावा, मोर्चा काढा, मीही वाचीन. इथे एकदा दार लागलं की कुणाला उठून जाता येत नाही. हे काका तुमची पाठ बघत घाम पुसत बसणार. उलटा घाला, नाहीतर उतरा. तुमच्या बॅगा शोधून उतरवायच्या, म्हणजे विमान लेट. आणि त्याचा रिपोर्ट हिच्यावर.” त्यांनी ताईकडे मान केली.

धाकटीच्या जिभेवर सात उत्तरं तयार होती. एकाहून एक जहाल. रस्त्यावर असती तर सातही देऊन वर आठवं फुकट दिलं असतं. पण रिपोर्ट ताईवर. तिने सातही गिळली आणि उठली.

ती उठली आणि काका किंचाळलेच. सीटच्या फिक्या पाठीवर लालभडक अक्षरं उमटली होती. उलटी, पण वाचता येतील अशी. घाईत पहाटे छापलेला शर्ट धाकटीने शाई पक्की करायला गरम प्रेसखाली दाबलाच नव्हता. वरून सुकली तरी शाई आतून कच्चीच. आता खुद्द विमानच म्हणत होतं, की आपलं काही खरं नाही.

मॅडमनी झटक्यात ओला कागद काढला.

“पुसू नका!” ताई ओरडली. “पसरेल! कच्ची शाई आहे, अख्खी सीट लाल होईल. नुसतं झाका.” तिने कप्प्यातलं ब्लँकेट ओढलं आणि सीटवर न घासता अलगद टाकलं.

मॅडमचा चष्मा खाली आला. “तुला शाईतलं एवढं कसं कळतं?”

धाकटी मागून डोळे वटारत होती. खोटं बोल गं बाई, खोटं बोल.

“घरचा धंदा आहे, मॅडम,” ताई म्हणाली. “ही माझी सख्खी बहीण. ते मामा. आणि ही सीट आता बंद ठेवावी लागेल. हिला मी काकांच्या शेजारी बसवते. शर्ट उलटा घालून.”

मॅडमनी वही काढून काहीतरी लिहून घेतलं. तेच वाईट.

धाकटी शर्ट उलटा घालून, ओली चिकट पाठ घेऊन, काकांशेजारी आखडून बसली. विमान धावायला लागलं तशी काकांनी तिचंच मनगट धरलं.

“खरंच काही खरं नाही का गं?”

हाच तो मोका होता. एक शब्द टाकला असता तर काका सीटखाली गेले असते. धाकटीने पुढे खुर्चीत पट्टा लावून ताठ बसलेल्या ताईकडे बघितलं.

“विमान ठणठणीत आहे हो. टाइमटेबलचं काही खरं नाही, असं लिहायचं होतं. मामाला दिवसभर बसवलं ना मागे.”

“मलाही!” काकांनी मनगट सोडलं. “मला तर दोनदा! आणि पाणीसुद्धा विचारलं नाही!” मग जे सुटले ते थेट उतरेपर्यंत. कंपनीचा मालक, खिडक्या, बिस्किटं, कुणाला सोडलं नाही. आणि त्यांना कुणी उतरवा म्हणालं नाही. धाकटी आतल्या आत धुमसत ऐकत राहिली.

उतरताना दारात ताई पुन्हा हात जोडून उभी. “आभारी आहोत, परत या.” हेच तिने मामाला म्हटलं, काकांना म्हटलं. धाकटीची पाळी आली तशी तिचे पाय हलेनात. मागे रांग तुंबली. विचारायचं होतं, पण मॅडम तिथेच.

“सांग की तिला,” मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. “घरच्यांनाही शर्ट उलटा घालायला लावणारी, वर खरं सांगणारी पोरगी मला रोज मिळत नाही.”

“झाले पास,” ताई ओठ न हलवता म्हणाली.

धाकटीने आ वासला.

“इथे नाही!” ताईने बोट दाखवलं. “मागे लोक आहेत. खाली जा.”

धाकटी दोन्ही हातांनी तोंड दाबून जिना उतरली. आणि पाय जमिनीला लागल्यावर जी किंकाळी फोडली, ती ऐकून काका पहिल्यापेक्षा जास्त दचकले. मग मामाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, “चांगला घसा आहे हो तुमच्या पोरीचा. शर्ट कशाला छापते?”