लाल चिंधीचा व्हॉल्व्ह

दीड महिना नळ टपटपत होता, आणि सोसायटीचा सेक्रेटरी मी! नालासोपाऱ्यातल्या आमच्या इमारतीत पाणी दिवसाआड येतं. जिन्यातली 'पाणी जपा' ही पाटी माझीच. प्लंबर बोलावला असता तर बभ्रा झाला असता. म्हणून उन्नती, माझी बायको, कामावर गेल्यावर मी गच्चीत जाऊन आमचा व्हॉल्व्ह बंद केला. कोणता व्हॉल्व्ह कोणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकाला रंगीत चिंधी मीच बांधलेली. आमची निळी. मग नळ सोडून खात्री कशाला करायची?

स्वयंपाकघरातल्या नळाला पाना लावला. वरचं डोकं थोडं फिरलं आणि उडालंच. धार थेट मिक्सरच्या बोर्डाकडे! मी तळवा दाबून धरला. हात काढावा तर बोर्ड भिजणार, न काढावा तर बोटांमधून पाणी ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर. टाकीत सोळा घरांचं उद्यापर्यंतचं पाणी होतं. तरी लाजेपायी मी पाच मिनिटं हाक मारली नाही. स्वतःचा अजून राग येतो.

शेवटी ओरडलो. धावत आला तळमजल्यावरचा शत्रुघ्न. नेमका तोच! रिक्षा पाइपनं धुतो म्हणून गेल्या महिन्यात मी त्याचं पाणी दोन दिवस तोडलं होतं.

"खिशात गच्चीची किल्ली आहे, घे. निळी चिंधी बघ!"

तो पळाला. "निळा बंदच आहे!" वरून आवाज आला. मग एकेक व्हॉल्व्ह आवळत तो विचारत राहिला, "थांबलं?" मी, "नाही!" पाणी हॉलमध्ये शिरलं. हाताला मुंग्या आल्या. आणि एकदाची धार थांबली.

शत्रुघ्न धापा टाकत खाली आला.

"काका, पहिला व्हॉल्व्ह गेटवरच्या नळाचा आहे. तुम्ही तो घरांत मोजलात. सगळ्या चिंध्या एक घर सरकल्यात."

"म्हणजे तुझी लाल चिंधी?"

"शेजारच्या हंसाकाकूंच्या व्हॉल्व्हला. माझं पाणी गेलंच नव्हतं."

मला गेटवरून बादली ओढत नेणाऱ्या हंसाकाकू आठवल्या.

दुपारी हंसाकाकूच आमच्या दारात उभ्या. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून, हातात भरलेली कळशी.

"तुमच्याकडे पाणी नाही म्हणे. घ्या."

"काकू, गेल्या महिन्यात तुमचं पाणी मी बंद केलं होतं. चुकून."

त्यांनी कळशी खाली ठेवली.

"मी तेव्हा तुम्हालाच विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दारातूनच सांगितलंत, पाइपात हवा असेल."