किनाऱ्यावरचं चौथं केंद्र

महिन्याची नोंदवही द्यायला ताई मुख्य हवामान कचेरीत आली, भिंतीवर धाकट्या बहिणीचा आलेख बघितला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं.

या धाकटीला ढग ओळखायला शिकवलं कुणी? ताईनं. पण ताई अठरा वर्षं किनाऱ्यावरच्या केंद्रात रकाने भरत राहिली, आणि धाकटी इथं वरच्या मजल्यावर जाऊन बसली. बसून केलं काय, तर पन्नास वर्षांच्या नोंदी काढून एकेक दिवस हवेच्या अकरा प्रकारांपैकी एकात टाकला, आणि कुठल्या प्रदेशात वर्षाला किती तऱ्हांचे दिवस येतात ते मोजलं. डोंगरात तऱ्हा वाढत होत्या, पठारावर होत्या तेवढ्याच, किनाऱ्यावर घटत होत्या. एवढ्यावर संचालक तिला डोक्यावर घेऊन नाचत होते! पुढच्या महिन्यात परदेशातल्या परिषदेत तीच बोलणार होती.

"बहीण म्हणजे हिरा आहे हो तुमची," नकाशे काढणारा म्हणाला.

"आहेच मुळी," ताई म्हणाली आणि आलेखाला नाक लावून चूक शोधायला लागली.

किनाऱ्याची उतरती रेघ बघताना ती चपापली. केंद्रात दिवसातून तीनदा आकाश बघून लिहायचा नियम. पहिलं वर्ष तिनं इमानेइतबारे लिहिलं. मग मुलगी झाली, सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि ताई सकाळीच तिन्ही रकाने भरून मोकळी व्हायला लागली. सकाळी धुकं, तर दुपारीही धुकं आणि संध्याकाळीही धुकं. मग तऱ्हा घटणारच की! त्यात हवेचा काय दोष?

तिला आधी शरम वाटली. मग आनंद झाला, चांगला भरपूर झाला. आपली नोकरी गेली तर गेली, पण हिचा आलेख आपटणार. दोन-दोन पायऱ्या गाळत ती वर गेली.

"तुझी किनाऱ्याची रेघ खोटी आहे," ती दारातूनच म्हणाली. "मी सकाळीच सगळं लिहून टाकते."

"दार लाव आधी," धाकटी म्हणाली. "ठाऊक आहे मला. भर दुपारी तीनला दाट धुकं, आणि आपोआप लिहिणारं तापमानयंत्र म्हणतंय छत्तीस! दोन वर्षांपूर्वीच कळलं, ताई. म्हणून तुझं केंद्र धरलंच नाही मी. रेघ बाकीच्या तीन केंद्रांची आहे."

"आणि कुणी विचारलं तर?"

"यंत्र बिघडलं होतं असं सांगेन. तुझं नाव येणार नाही."

ताई मटकन खुर्चीत बसली. आलेखात तिचा एक दिवससुद्धा नव्हता. वर हिचे उपकार! आता जळायलाही तोंड उरलं नव्हतं, तरी ती जळत होतीच.

दुपारी परिषदेच्या तयारीच्या बैठकीत ताईही मागे जाऊन बसली. संचालकांनी आलेख बघून विचारलं, "किनाऱ्यावर आपली केंद्रं चार ना? इथं तीनच कशी?"

"चौथ्याचं यंत्र बिघडलं होतं," धाकटी म्हणाली.

ताई उभी राहिली. "यंत्र धड होतं. नोंदी मी केल्या, आणि आकाश न बघता केल्या."

संचालक तिच्याकडे नाही, धाकटीकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

लहानपणी मार बसायच्या आधी धाकटी जशी ताईकडे बघायची, तशी तिनं आता बघितलं.

हा प्रश्न येणार हे ताईला उभं राहतानाच कळलं होतं. तरी ती उभी राहिली होती.