नाम घेणारे मासे

हिंगणीपलीकडच्या त्या तलावावर पहाटे पाचलाच एवढी माणसं जमत, की बगळ्यांना काठावर उभं राहायला जागा उरेना. बगळे म्हणे आदल्या दिवशीच नंबर लावून जात. कारणही तसंच होतं. मत्स्यानंद महाराजांनी हात वर केला की पाण्यावर शेकडो तोंडं उघडत. रोहू, कतला झाडून सारे वर येत आणि ओठ हलवत.

"देखो! नाम घेऊन राह्यले!" महाराज गरजत. "माणसाले फुरसत नाई, माशाले हाय! पीठ सोडा, दूध सोडा, पुण्य घ्या!"

मंतरलेल्या पिठाच्या पुड्या त्यांच्याच झोळीतून निघत.

मयुरी काठावर बसून बघत होती. सहा वर्षं ती या तलावातल्या माशांचा अभ्यास करत होती. पाणी सडतंय, मासे मरतील, असं पत्र तिनं महिन्यापूर्वीच गावात दिलं होतं. कोणी वाचलं नाही. आता तिला राग येत नव्हता, रडूही येत नव्हतं. आत सगळं बधिर झालं होतं.

शेजारी रामबाई ढिवरीण पीठ सोडत होती. हे मासे तिनंच सोडलेले. वर्षाचं पोट याच पाण्यावर.

"तू काऊन नाई सोडत, पोरी?"

"मासे गुदमरून राह्यले, रामबाई."

"हट! महाराजापुढं असं बोलू नोको."

मयुरी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "पावसाळ्यात माशाची पिल्लं हंडीत घालून आणता, तवा वाटभर पाण्यावर हात काऊन मारता?"

"आता माय! सासू मारे, मी मारतो. नाई मारला त पिल्लं वर येऊन तोंड वासते, अन् मंग मर..."

रामबाईचा हात पिठातच थांबला.

तिनं दोन घमेली आणली. दोन्हींत तलावाचंच पाणी, दोन-दोन मासे. सगळे तोंड वासून वर.

"म्हणा मंत्र, महाराज. दोन्हीवर म्हणा," म्हणत ती एका घमेल्यात तळहातानं थपथप पाणी उडवू लागली. थोड्या वेळात त्यातले मासे निवांत तळाशी गेले. दुसरे तसेच नाम घेत राहिले.

"हे नास्तिक झाले काय, महाराज?" दुकानदार ताराचंदनं विचारलं.

"बाईचा हात लागला! इटाळ झाला!"

"मंग तुमी मारा!" रामबाईनं दुसरं घमेलं पुढं सरकवलं.

गर्दी बघत होती. महाराजांनी नाइलाजानं हात मारला. मारत राहिले. त्यांच्या पवित्र हातानंही मासे खालीच गेले.

मग मयुरीनं सपाट आवाजात सांगितलं. पीठ-दूध पाण्यात सडतं, सडताना पाण्यातली हवा खातं. रात्री शेवाळही तीच हवा ओढतं, म्हणून पहाटे ती सगळ्यात कमी. मासे हवेसाठी वर येतात; हात मारला की हवा पाण्यात मिसळते आणि ते खाली जातात. महाराजांनी फक्त वेळ साधली होती.

मागं वळून बघेस्तोवर झोळी आणि महाराज दोन्ही गायब.

पण काठाला काही कतला उलटे तरंगत होते. गर्दीतला टिकाराम शेतकरी शेतातला पंप आणायला धावला. तलावाचं पाणी तलावातच उंच उडवायचं ठरलं. तोवर रामबाई बायांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरली. थपथप, थपथप. मयुरी मेलेल्यांची नोंद करत होती.

"लिहून काय होते, पोरी? ये, हात मार!"

मयुरी उतरली. हात मारता मारता तळहात चुरचुरला. महिन्याभरात तिला पहिल्यांदा काही लागलं.

तेव्हा बाबांनो, कोणी उघडं तोंड दाखवून चमत्कार म्हटलं, तर हात जोडण्याआधी एवढंच बघा: त्या जिवाला श्वास येतोय ना?