पाठ ऐकणारं इरलं

“ज्या पाठीवर बसशील ती पाठ ऐकत जा गं,” असं म्हणून म्हाताऱ्या पुतळीने माझी शेवटची कामटी वळवली. मी मनात हसले. बांबूच्या कामट्या आणि कुंभ्याची पानं, एवढाच माझा जीव. मी पाऊस अडवायचा. पाठ कशाला ऐकायची? मित्रांनो, मी कुंभारवाडा गावचं एक जुनं इरलं आहे. माझी पानं दर साली बदलतात. कामट्या मात्र त्याच आहेत, आणि राग कामट्यांत राहतो.

जर्मनीशी लढाई चालू होती, त्या काळात मी तुळजाच्या घरी आले. भातलावणीला ती वाकली की मी तिच्या पाठीवर पसरायचे. पहिल्याच पावसाळ्यात मला खालून ढोल ऐकू आला. ती वाकली, पोट दाबलं गेलं, की तिचं काळीज असं धावत सुटायचं की माझी पानं थरथरायची. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर गार घाम, डोकं फुटायला आलेलं. बांधावर जरा ताठ बसली की सगळं ओसरायचं.

तिची सासू सुंदरी शेजारच्या ओळीत असायची.

“लावणी आली की हिचं डोकं दुखतंय. जेवताना बरं दुखत न्हाई?”

“आत्याबाई, छाती लई धडधडतीया.”

“माझी बी धडधडती. रोपं हातानं लावत्यात, छातीनं न्हवं.”

बाया हसल्या. तुळजाही कसनुशी हसली आणि पुन्हा वाकली. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

एका लावणीत ती चिखलात पडली ती उठलीच नाही. तिचा भाऊ झिलू माहेरच्या अणशीहून धावत आला. “माझ्या भैनीला काय चारलं?” एवढंच तो विचारत राहिला. विषाचा संशय म्हणून पाटलाने देह तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवला. गाडीत तिच्या तोंडावर पाऊस पडू नये म्हणून मला वर पांघरलं होतं.

डॉक्टरांना विष सापडलं नाही. सापडली ती डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली लिंबाएवढी गाठ. ती त्यांनी नारिंगी औषधी पाण्यात बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा ती काताच्या रंगाची झाली होती.

“बघ,” ते झिलूला म्हणाले. “अशा गाठी आतड्यातही होतात, दुसरीकडेही होतात. पण या पाण्यात अशी तपकिरी होते ती हीच जात. विलायतेत आत्ता कुठे तिला नाव मिळालंय. ही रक्तात काहीतरी सोडते आणि काळीज उधळतं. वाकलं की गाठ पिळली जाते.”

“मग ती सोंग करत न्हवती?”

“नाही रे बाबा. तिच्या पोरीवर लक्ष ठेव. हे आईकडून लेकीत उतरतं का, याची मला खात्री नाही, पण ठेव.”

झिलूने हे सगळं भर अंगणात सुंदरीला सांगितलं. ती सुपातलं भात पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, “गाठ तर गाठ. आळसाचीच आसंल.”

त्या दिवशी मी ठरवलं. पुढच्या साली सुंदरीने मला स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी मानेजवळचं एक पान सैल सोडलं. सरीमागून सर तिच्या कण्यावरून थेंब सोडत राहिले. तिने ठिगळ लावलं, मी दुसरीकडून गळले. रात्रभर ती खोकायची, आणि खुंटीवरून मी ऐकायचे. मित्रांनो, मला एवढंच करता येत होतं. ते मी मन लावून केलं.

अखेर “मेलं गळकं” म्हणत तिने मला नातीच्या डोक्यावर टाकलं. तुळजाची लेक बाळी आता लावणीला वाकू लागली आहे. तिच्यावर मी एक थेंब पडू देत नाही.

पण काल तिच्या पाठीतून तोच ढोल वाजला. ती बांधावर बसली, पांढरीफटक. शेजारच्या ओळीतून आवाज आला, “आली बघा आईच्या वळणावर.”

गळून आता भागायचं नाही, आणि मला तर तोंड नाही. मित्रांनो, या पावसात कुंभारवाड्याकडे गेलात तर जरा बाळीला बघून या. वाकल्यावर तिचा चेहरा बघा, पाठीवर हात ठेवा. ढोल लागला तर तिला ताठ बसवा आणि अणशीच्या झिलूमामाला निरोप धाडा. म्हातारी सुंदरी विचारेल, तुम्हाला कोणी पाठवलं. तिला सांगा, इरल्याने.